उत्तराची ओळ

चिठ्ठीमास्तरांनी आयुष्यात एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं. तरी अख्खं कार्यालय त्यांना मास्तर म्हणायचं, कारण दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. ‘चिठ्ठी’ मागून चिकटली ती कामामुळे. शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांनी तीस वर्षं काढली. रोजच्या बोलण्यात मुरून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तिथं तयार होत होता आणि रीत अशी होती की पुस्तकातून काही उचलायचं नाही. माणूस बोलताना ऐकायचा आणि जागच्या जागी चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा.

चिठ्ठी पोस्टकार्डाच्या निम्मी. तिच्यावर पाच ओळी छापलेल्या: शब्द, वाक्य, बोलणारा, तारीख आणि उत्तर. ‘बोलणारा’समोर नाव लिहायचं नाही, फक्त धंदा आणि वय. पाचवी ओळ मास्तरांनी स्वतः भांडून घालून घेतली होती. त्यांचं म्हणणं, बोलणाऱ्यानं काय म्हटलं यावरून अर्धाच अर्थ कळतो, उरलेला कळतो समोरच्याच्या उत्तरातून. “खुर्ची फ्री आहे का?” असं कुणी विचारलं आणि समोरचा “बसा की” म्हणाला, तर फ्री म्हणजे रिकामी. “नाही, विकत घ्यावी लागेल” असं म्हणाला, तर अर्थ तरी वेगळा किंवा माणूस तरी आगाऊ. म्हणून उत्तराची ओळ कोरी असेल ती चिठ्ठी बाद. कोशासाठी म्हणून कुणी मुद्दाम बोललेलं वाक्य असेल, तीही बाद. एका मुद्रितशोधकानं एकदा आपल्या मेहुण्याकडून हवं ते वाक्य वदवून घेतलं होतं. मास्तरांना त्याचा वास लागला आणि त्यांनी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर टराटरा फाडली. बिचारा आठवडाभर डबा एकटाच खात होता.

असा हा माणूस कुठेही गेला तरी कान टवकारून बसायचा. दातांच्या डॉक्टरांनी “जबडा फ्री सोडा बरं” म्हटलं, तर हे तोंडात नळी असताना खिसा चाचपू लागले. कुणाच्या तरी अंत्ययात्रेत शेजारचा गृहस्थ “सुटला, फ्री झाला एकदाचा” असं म्हणाला, तेव्हा यांनी चार पावलं मागं राहून ते टिपून घेतलं. ‘फ्री’ हा शब्द त्यांच्या वाट्याला आला होता आणि दोन वर्षांत त्याचे अकरा अर्थ त्यांनी गोळा केले होते. साबणावर साबण फ्री मिळतो. सायकलचं चाक फ्री फिरतं. सून सासूशी फ्री असते, किंवा नसते. गोळी साखर-फ्री असते. आणि सहावा अर्थ, कामातून मोकळा: माणूस फ्री असतो, किंवा नसतो.

या सगळ्या काळात घरात एक बाई होती. ती त्यांची बायको. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन टाकून ती कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पॅंट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, फाटलेलं अस्तर बदलायचं. हात असा की रफू कुठं केलंय ते उन्हात धरूनही दिसू नये. मागच्या खोलीत मास्तरांचं टेबल, मध्ये दार, आणि दार उघडंच असायचं. दोघांच्या संसारात कधी आवाज चढला नाही, हे मास्तर अभिमानानं सांगत. आवाज चढायला आधी दोघांनी बोलावं लागतं, हे त्यांना कुणी सुनावलं नाही.

गेल्या वर्षी ती तीन दिवसांच्या तापात गेली. मास्तर त्याआधी वर्षभर निवृत्त झालेले. कार्यालयातून मुद्रितं घरी तपासायला यायची तेवढंच काम उरलं होतं. बायको गेल्यावर त्यांना कळलं की घरातलं काहीच त्यांना ठाऊक नाही. खिडकीची खिट्टी त्यांच्या हातून मोडली आणि काचही तडकली. पहिल्यांदा कपडे धुतले तेव्हा खिशातल्या अकरा चिठ्ठ्यांचा लगदा होऊन पांढऱ्या शर्टाला चिकटला. दूध तर दर दोन दिवसांनी उतू जायचं, कारण ते तापेपर्यंत मास्तर एक ओळ तपासायला बसायचे. तरी ते कुणाला काही सांगत नसत. सांगणार तरी कुणाला?

त्यानंतर एका सकाळी कार्यालयातून पाकीट आलं. नव्या मुख्य संपादिका, त्यांना सगळे बाई म्हणत, भलत्याच काटेकोर निघाल्या होत्या. इतकी वर्षं मास्तर सगळ्यांच्या चिठ्ठ्या तपासायचे आणि मास्तरांच्या कुणीच तपासायचं नाही. बाईंनी तपासल्या. पाकिटात ‘फ्री’चं मुद्रित होतं, चार चिठ्ठ्या टाचणीनं जोडलेल्या होत्या आणि वर बाईंचं टपोरं अक्षर: “मास्तर, सहाव्या अर्थाची चारही उदाहरणं फार छान आहेत. पण चारही चिठ्ठ्यांवर उत्तराची ओळ कोरी आहे. तुमचाच नियम. कृपया भरून पाठवा, नाहीतर उदाहरणं काढावी लागतील. बुधवारपर्यंत.”

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपल्या चिठ्ठीवर कोरी ओळ! त्यांनी चष्मा पुसून चिठ्ठ्या समोर मांडल्या. चारही तीन वर्षांपूर्वीच्या, एकाच आठवड्यातल्या. चारहींवर बोलणारा तोच: ‘शिलाईकाम करणारी स्त्री, वय ५६’.

सोमवार. “तुम्ही फ्री झालात की मला सांगा, एक बोलायचंय.”

बुधवार. “आज संध्याकाळी फ्री आहात का?”

गुरुवार. “माझ्यासाठी पाच मिनिटं फ्री व्हाल?”

शनिवार. “राहू दे. तुम्ही फ्री नाही आहात.” आणि या शेवटच्या चिठ्ठीच्या समासात त्यांच्याच अक्षरात शेरा: ‘नकारार्थी प्रयोग. उत्तम.’

त्यांना तो आठवडा आठवला. म्हणजे आठवड्यातला आपला आनंद आठवला. विधान, प्रश्न, विनंती, नकार, सगळे प्रकार सहा दिवसांत, एकाच तोंडून, घरबसल्या! कार्यालयात त्यांनी चहाच्या वेळी ही गोष्ट सगळ्यांना दोनदा सांगितली होती. बायकोला काय बोलायचं होतं ते मात्र काही केल्या आठवेना. विसरायला आधी ऐकावं लागतं, आणि त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या आठवड्यातली आणखी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली होती. त्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून काही कमी झाल्या होत्या आणि त्यावरून ते करवादले होते. “मी घेतल्यात, मापं लिहायला,” बायको म्हणाली होती. “मापं वहीत लिहावीत, चिठ्ठ्या मोजून मिळतात,” असं हे म्हणाले होते. एवढं उत्तर मात्र त्यांनी तिला चटकन दिलं होतं.

चार ओळी भरायच्या होत्या. खोटं काहीतरी लिहून मोकळं होणं काही अवघड नव्हतं. “हो, बोल ना.” कुणाला कळणार होतं? पण दुसऱ्याची चिठ्ठी फाडलेल्या माणसाचा हात तसा चालत नाही. शिवाय आता त्यांना कोशापेक्षा दुसरीच रुखरुख लागली होती. तिला काय विचारायचं होतं? दिवसभर त्यांनी घरात चार फेऱ्या मारल्या, पुढच्या खोलीतलं कापडानं झाकलेलं मशीन दोनदा बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीकडे निघाले.

लेक बस चालवायची. तिच्या घरी जाण्यापेक्षा आगारात गाठणं सोपं, कारण तिथं ती निदान बसलेली सापडे. आगाराच्या मागच्या भिंतीला लागून बाकं होती, तिथं चालक-वाहक डबे उघडून बसलेले. बापाला फाटकातून येताना बघून ती घास हातात धरूनच उभी राहिली.

“बाबा? बरं आहे ना सगळं?”

“मला काय धाड भरलीये? सहज आलो.”

“तुम्ही सहज कुठं येता?” ती पुन्हा बसली आणि बाकावर त्यांच्यासाठी जागा केली. “वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. बोला.”

मास्तरांनी खिशातून चिठ्ठ्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं डबा बाजूला सारला, बोटं रुमालाला पुसली आणि एकेक चिठ्ठी वाचली. चौथी वाचून झाल्यावर ती जरा हसली. ते हसू काही त्यांना आवडलं नाही.

“हे तुम्ही कोशात घातलंत?”

“घातलंय. फक्त उत्तराची ओळ राहिली. तुझ्या आईला त्या आठवड्यात काय बोलायचं होतं, तुला काही माहीत आहे?”

“मला तर सगळं माहीत आहे,” लेक म्हणाली. “मला रोज फोन करायची ती. बाबा, ती नाटक कंपनी नव्हती का, जिच्या पोशाखांची दुरुस्ती आई करून द्यायची? त्यांचा कपडेपट सांभाळणारा माणूस काम सोडून गेला. त्यांनी आईला विचारलं, चार महिने आमच्याबरोबर दौऱ्यावर येता का म्हणून. अख्खा कपडेपट तिच्या ताब्यात. हाताखाली दोन माणसं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.”

समोर एक बस मागं घेत होते आणि कुणीतरी हातानं “ये, ये” करत होतं.

“मग मला विचारलं का नाही?”

लेकीनं उत्तर द्यायच्या ऐवजी मांडीवरच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार.

“पण मी काय नाही म्हणालो असतो?” मास्तरांचा आवाज चिरकला. “मी कधी तिला अडवलं?”

“परवानगी नको होती हो तिला. तुम्ही अडवणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. तुम्ही एकदा तोंडानं ‘जा’ म्हणावं, एवढंच हवं होतं. मला म्हणाली, छत्तीस वर्षांनी घर सोडून चार महिने जायचं तर कुणीतरी दारापर्यंत सोडायला यायला हवं. मी म्हटलं, मी येते. तर म्हणाली, तू नाही गं.”

“साधं सरळ सांगायचं ना मग. फ्री आहात का, फ्री आहात का... तिच्या तोंडी तर हा शब्द कधी नसायचा.”

“नसायचाच.” लेकीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. “बाबा, तुम्हाला खरंच कळलं नाही? ती मुद्दाम वापरायची. आधी नीट विचारून बघितलं होतं तिनं. ‘मोकळे झालात का, हातातलं झालं का.’ तुमची मान वर व्हायची नाही. ‘फ्री’ म्हटलं की व्हायची. हसत सांगायची मला, की तेवढा एक शब्द वाक्यात घातला की निदान तोंड तरी दिसतं माणसाचं. मग तुम्ही खिशातून चिठ्ठी काढायचात आणि पुन्हा...”

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर खाली गेली म्हणून मास्तरांनीही खाली बघितलं. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. दोन बोटांत कोरी चिठ्ठी होती आणि पेनाचं टोपण अंगठ्यानं अर्धं उघडलेलं होतं. हात केव्हा गेला, त्यांना पत्ताच नव्हता. लेकीच्या बोलण्यात कुठंतरी तो शब्द आला होता, बस.

मास्तरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी हात बाहेर काढला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. लेकीनं चिठ्ठ्यांना टाचणी लावली, त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि डब्याचं झाकण लावलं. जेवण अर्धं तसंच होतं.

“त्यांचं पत्र मशीनच्या खणात असेल,” उठताना ती म्हणाली. “तिनं ते टाकलं नव्हतं. बघायचं तर बघा.”

घरी येऊन मास्तरांनी मशीनवरचं कापड काढलं. तो खण त्यांनी कधी उघडला नव्हता. आधी तो तिचा होता म्हणून, आणि ती गेल्यावरही तिचाच होता म्हणून. आत रिळं, बॉबिन, खडूचे तुकडे, टेप, बटणांची डबी. खाली पत्र. कंपनीच्या व्यवस्थापकानं अदबीनं लिहिलं होतं की तुमच्याइतका बारीक हात दुसरा मिळणार नाही, तरी कृपया शनिवारपर्यंत कळवावे.

पत्राच्या खाली त्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. मोजून मिळणाऱ्या, मापं लिहायला घेतलेल्या. त्यांच्या मागच्या बाजूला बायकोचं किरटं अक्षर होतं, आणि मापं एकाही चिठ्ठीवर नव्हती.

“दूध लावलं की तिथंच उभे राहा. लिहायला बसू नका.”

“खिडकीची खिट्टी आधी उजवीकडे दाबा, मग वर. जोर लावू नका, काच जुनी आहे.”

“धुवायच्या आधी खिसे बघा. चिठ्ठ्या असतात.”

“खाकी पॅंट कमरेत अर्धा इंच सोडली आहे. नवी घेऊ नका.”

“पोरीला रविवारी फोन करा. तिच्या फोनची वाट बघत बसू नका.”

मास्तर मशीनच्या स्टुलावर बसले. समोर तडकलेली काच होती आणि तिच्यावर त्यांनीच वेडीवाकडी चिकटवलेली पट्टी. जायचं तिच्या मनात इतकं पक्कं होतं की मागं राहणाऱ्याची सोय तिनं आधी करून ठेवली होती. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती एकीकडे हे लिहीत होती आणि एकीकडे दारात येऊन विचारत होती. ‘जा’ म्हणायला किती वेळ लागतो? चिठ्ठी भरायला लागतो त्याचा दहावा हिस्साही नाही. तिचे चार महिने मी खाल्ले, असं ते मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. ते रडले, आणि बराच वेळ रडले.

एक चिठ्ठी खणाच्या तळाला चिकटून राहिली होती. ती त्यांनी नखानं सोडवली.

“काही सापडलं नाही तर मला फोन करा. केव्हाही. मी फ्री नसले तरी उचलेन.”

त्यांनी ती तीन-चारदा वाचली. मग तीस वर्षांची खोड, डोकं आपोआप चालू लागलं. सहावा अर्थ. नकारार्थी. लिहिताना त्यांच्या नजरेस पडेल अशी कल्पना होती, पण कोशात जाईल अशी नव्हती, म्हणजे मुद्दाम बोललेलं नाही. तो शब्द तिच्याही नकळत तिच्या हातात शिरला असावा, इतक्यांदा म्हणून म्हणून. कागदावरची असली तरी ती बोललेलीच होती, आणि उत्तराची ओळ सोडली तर कुठल्याही नियमानं ही बाद होत नव्हती. मास्तरांनी चिठ्ठी उलटी केली. छापील पाच ओळी कोऱ्या होत्या.

बुधवारच्या आधी त्यांनी बाईंच्या चारही चिठ्ठ्या भरल्या. उत्तराच्या ओळीवर, टपालवाल्यालाही वाचता यावं अशा स्वच्छ अक्षरात, चारदा एकच वाक्य लिहिलं: “ऐकणाऱ्यानं उत्तर दिलं नाही.” खाली आणखी एक ओळ जोडली, की वाक्यं ऐकणाऱ्याचं लक्ष वेधायला मुद्दाम बोललेली आहेत, सबब बाद. मग तांबडी शाई घेऊन चारहींवर आडवी रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली, तरी शेवटची थोडी तिरकी गेली.

चिठ्ठ्या पोचल्या त्या दुपारी बाईंचा फोन आला. मास्तर दूध तापवत होते. त्यांनी आधी गॅस बंद केला.

“मास्तर, तुम्ही चारही काढल्यात?” बाई जरा गोंधळलेल्या होत्या. “मला वाटलं उत्तरं तुमच्या लक्षात असतील. आता सहाव्या अर्थाला एकही उदाहरण नाही. इतका साधा अर्थ, रोज दहा लोक बोलतात! तुमच्याकडे दुसरं एखादं असेलच. तुमच्याकडे काय, खणभर असतील.”

मास्तरांचा डावा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. आत एकच चिठ्ठी होती. परवापासून ते ती सदऱ्यातून सदऱ्यात बदलत होते, धुवायच्या आधी खिसे बघून.

“नाही, बाई,” ते म्हणाले. “माझ्याकडे नाही.”

“अहो, मग तो अर्थ उदाहरणाशिवाय छापावा लागेल.”

“छापा,” मास्तर म्हणाले.